सांडपाणी दूर नेणे म्हणजे शुद्ध करणे नव्हे : लंडनचा धडा

१/ १८५८ चा उन्हाळा. टेम्स नदीला इतकी दुर्गंधी सुटली होती की काठावरील ब्रिटिश संसदेचे पडदे ब्लीचिंग पावडरच्या द्रावणात भिजवून टांगावे लागले. इतिहासात हा प्रसंग ‘द ग्रेट स्टिंक’ म्हणून नोंदला गेला.

२/ या दुर्गंधीचा उगम घराघरांत होता. पूर्वी लंडनच्या घरांखाली मैल्याचे खड्डे असत. रात्री ते उपसून मैला शेतांना खत म्हणून विकला जाई. फ्लशची शौचालये वाढली, तसे पाणी वाढले आणि खड्डे तुडुंब भरून वाहू लागले. मग घरांची गटारे नदीकडे वळवण्यात आली. अनेक पाणी कंपन्या मात्र त्याच नदीतून पिण्याचे पाणी उचलत होत्या.

३/ याची किंमत डॉ. जॉन स्नो यांनी १८५४ च्या कॉलऱ्यात मोजून दाखवली. दक्षिण लंडनच्या एकाच वस्तीत दोन कंपन्यांचे नळ होते. शहराच्या वरच्या अंगाचे पाणी देणाऱ्या कंपनीच्या दर १०,००० घरांमागे ३७ मृत्यू झाले. मैलामिश्रित पाणी देणाऱ्या कंपनीच्या घरांत तोच आकडा ३१५ होता.

४/ १८५८ नंतर अभियंता जोसेफ बॅझलजेट यांनी सुमारे १३२ किलोमीटर लांबीची मुख्य भुयारी गटारे उभारली. सांडपाणी शहराच्या पूर्वेस बेक्टन आणि क्रॉसनेस येथे नेऊन ओहोटीच्या वेळी नदीत सोडले जाई. लंडन वाचले, पण सांडपाणी होते तसेच राहिले. बदलली ती केवळ जागा.

५/ ३ सप्टेंबर १८७८ रोजी याच परिसरात ‘प्रिन्सेस ॲलिस’ ही प्रवासी बोट टक्कर होऊन बुडाली. ६०० हून अधिक माणसे दगावली. त्याच सुमारास नदीत प्रचंड सांडपाणी सोडण्यात आले होते. पुढे चुना व लोहक्षार घालून गाळ वेगळा केला जाऊ लागला. परंतु १८८७ पासून तो गाळही जहाजांनी समुद्रात टाकला जाई. हा प्रकार १९९८ पर्यंत चालला.

६/ मैल्यातील सेंद्रिय द्रव्य कुजवताना जिवाणू पाण्यातील प्राणवायू संपवतात आणि मासे गुदमरतात. हेच कुजणे नदीऐवजी टाकीत घडवून आणणे, हे शुद्धीकरणाचे मर्म. १९१४ मध्ये मँचेस्टरच्या एडवर्ड आर्डर्न आणि विल्यम लॉकेट यांनी सांडपाण्यात हवा खेळवली आणि तळाशी बसलेला जिवाणूयुक्त गाळ फेकून न देता पुढच्या खेपेस पुन्हा वापरला. आठवड्यांचे काम तासांवर आले. ही ‘सक्रिय गाळ पद्धत’ आजही जगभरातील शुद्धीकरण केंद्रांत वापरली जाते.

७/ मोरीतले पाणी गटारात गेले की आपल्या नजरेआड होते; पण प्रवाहाच्या खालच्या अंगाला कुणीतरी तेच पाणी भरत असते. ३१५ आणि ३७ या आकड्यांतील अंतर त्या माणसांच्या जिवाचे आहे.