हाक आणि ओ : प्रस्तावना

यंत्रमागाच्या कारखान्यात हाक मारून उपयोग नसतो. खटखटीत ती विरून जाते. म्हणून हातवारे करायचे आणि समोरच्याने मान हलवली की निरोप पोचला असे धरून चालायचे. मान हलली नाही तर? त्याला कळलेच नाही, की कळले पण सवड झाली नाही, की तो कामाला लागलासुद्धा? एका संगणकाने दुसऱ्याला काम सांगणे हा या पुस्तकाचा विषय, आणि तो सगळा या तीन शंकांभोवती फिरतो.

कामतघरच्या यंत्रमागवस्तीतल्या माझ्या ओळखीच्या एका कापड व्यापाऱ्याकडे दोन प्रोग्रॅम होते. सूत किती गेले, ग्रे कापडाचे तागे किती आले, कोणत्या मागवाल्याची मजुरी किती झाली, हे एकात, खतावणी दुसऱ्यात, म्हणजे टॅली या हिशेबाच्या प्रोग्रॅमात. मधला पूल म्हणजे मेहताजी. एका पडद्यावर वाचायचे, दुसऱ्यावर टाइप करायचे. टॅलीला बाहेरून काम सांगता येते, हे त्यांच्या गावीही नव्हते. सर्व्हर म्हणून चालू ठेवली की ती ठरलेल्या पोर्टवर, बहुधा ९००० वर, कान देऊन बसते. व्हाउचर एक्सएमएलमध्ये लिहून एचटीटीपीने पाठवायचे. नोंद झाली की उत्तरात ‘क्रिएटेड’पुढे १ येतो. अट एवढीच की टॅली उघडी हवी आणि हवी ती कंपनीही. मेहताजींनी जेवायला जाताना ती बंद केली, की मी त्यासाठी लिहिलेला प्रोग्रॅम भिंतीशी बोलत राही. (पोर्ट उघडे म्हणजे दारही उघडे, हाक कोण मारतोय, हे विचारण्याचे प्रकरण पुढे आहे.)

काटेकोर अभ्यासक याला रिमोट प्रोसिजर कॉल म्हणायला कचरतील. मी तो वाद घालणार नाही. कूळ एकच आहे. जाळ्यावरच्या दूरच्या संगणकाकडून काम घेणे हे आपल्याच प्रोग्रॅममधल्या प्रोसिजरला बोलावण्याइतके सोपे असावे, हा विचार जेम्स व्हाइट यांनी १९७६ च्या सुमारास आरएफसी ७०७ या टिपणात मांडला. ब्रूस नेल्सन यांनी १९८१ च्या प्रबंधात त्याची शिस्तशीर मांडणी केली आणि १९८४ मध्ये अँड्र्यू बिरेल यांच्यासह झेरॉक्सच्या पालो आल्टो केंद्रात उभारलेली रचना प्रसिद्ध केली. तिच्यातला कळीचा तुकडा म्हणजे ‘स्टब’. तो हुबेहूब प्रोसिजरसारखा दिसतो, पण मूळ काम करत नाही. दिलेली मूल्ये गाठोड्यात बांधतो, पलीकडे धाडतो, आलेले गाठोडे सोडून हातात देतो. बोलावणाऱ्याला वाटते, काम घरातच झाले. पुढे सन आरपीसी, कोर्बा, १९९८ ची एक्सएमएल-आरपीसी, गूगलने २०१५ मध्ये खुली केलेली जीआरपीसी आली. गाठोडे बांधायच्या तऱ्हा बदलल्या, स्टब राहिला.

काम घरातच झाल्याचा हा भास सोयीचा आहे आणि घातकही. जिम वाल्डो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९४ मध्ये बजावले होते की जवळचे आणि दूरचे एका मापाने मोजू नका. दूरच्याला वेळ लागतो, आणि अर्धेच बिघडून अर्धे चालू राहणे ही दूरच्याचीच खोड. मला ते एका बिलापायी कळले. नोंद टॅलीत झाली, पण उत्तर परतायच्या आत मधल्या स्विचची वीज गेली. उत्तर नाही म्हणून माझ्या प्रोग्रॅमने, मीच शिकवल्याप्रमाणे, पुन्हा सांगितले. पार्टीच्या नावावर दुप्पट येणे निघाले, आणि तिने फोनवर जे ऐकवले ते प्रस्तावनेत छापण्याजोगे नाही.

यावरचा नेटका उपाय जीएसटीच्या ई-इनव्हॉइसमध्ये पाहायला मिळतो. १ ऑक्टोबर २०२० रोजी सुरू झालेल्या या पद्धतीत बिलाचा ६४ अक्षरांचा संदर्भ क्रमांक विक्रेत्याचा जीएसटी क्रमांक, आर्थिक वर्ष, दस्तऐवजाचा प्रकार आणि त्याचा क्रमांक यांपासून बनतो. तेच बिल पुन्हा पाठवले तर दुसरे नोंदले जात नाही, ‘हे आधीच आले आहे’ अशा अर्थाचे उत्तर मिळते. म्हणजे हाकेला स्वतःची ओळख दिली, की ती दहादा मारायलाही हरकत नाही. पुस्तकाचा मोठा भाग या एका गोष्टीत गेला आहे. मला तोही कमीच वाटतो.

परिभाषेचे दोन शब्द. ‘कॉल’ला ‘आवाहन’ म्हणावे असे मनात आले होते. पूजेत दूरच्या देवाला बोलावतात ते आवाहन, आणि त्याच्यामागे विसर्जनाची जबाबदारीही येते. नेल्सन ज्यांना ‘अनाथ’ म्हणतात ते कॉल इथे चपखल बसतात: बोलावणारा प्रोग्रॅम मध्येच मेला, पलीकडे काम चालूच. यजमान उठून गेला आणि देव पाटावर! तरी शेवटी ‘कॉल’च ठेवला. कामतघरात आवाहन कोणी करत नाही, कॉलच करतात.

वाचकाला पदवी हवीच असे नाही. दोन वह्या जुळवताना मेहताजी जे विचारतात, तेच इथेही विचारायचे आहे. पहिल्या प्रकरणातला छोटा प्रोग्रॅम दोन संगणकांवर चालवा, आणि नोंद पाठवल्यावर उत्तर यायच्या आत मधली वायर उपसा. दोन्ही पडद्यांवर काय दिसते ते कागदावर लिहून ठेवा, मग दुसरे प्रकरण उघडा.