रक्तसंक्रमणानंतरची हुडहुडी

एका माणसाचें रक्त दुसऱ्याच्या शिरेंत सोडून त्याचे प्राण वाचवितां येतात, ही गोष्ट आतां सर्वपरिचित झाली आहे. परंतु असें रक्त घेतांना कित्येक रोग्यांना हुडहुडी भरते व ताप चढतो, या किरकोळ वाटणाऱ्या उपद्रवाचा इतिहास फारसा कोणी सांगत नाहीं. श्रोतेहो, तो ऐकण्याजोगा आहे. कारण या तापाचें मूळ शोधतांना वैद्यांनीं बराच काळ भलत्यालाच दोषी धरलें होतें.

इ. स. १९०१ मध्यें व्हिएन्ना येथील कार्ल लँडस्टायनर यांनीं रक्तगटांचा शोध प्रसिद्ध केला. तरी एक अडचण उरलीच. शरीराबाहेर येतांच रक्त गोठूं लागतें. १९१५ सालीं न्यूयॉर्कच्या माउंट सायनाय रुग्णालयांतील रिचर्ड लेविसन यांनीं, सोडियम सायट्रेट किती प्रमाणांत मिसळलें असतां रक्त गोठत नाहीं व रोग्यासहि बाधत नाहीं, हें दाखवून दिलें. पण लवकरच ओरड सुरू झाली कीं, सायट्रेट घातलेल्या रक्तानें ताप येतो. कित्येक शस्त्रवैद्यांनीं तें टाकून, दात्याचें रक्त तेथल्या तेथें रोग्यास देण्याची जुनी, अवघड रीत पुन्हां धरली.

खरा अपराधी निराळाच होता. १९२३ मध्यें अमेरिकेंतील फ्लॉरेन्स सायबर्ट या विदुषीनें दाखविलें कीं, शिरेंतून दिलेल्या द्रावणांनीं येणारा ताप हा त्यांतील ऊर्ध्वपातित पाण्याचा दोष असूं शकतो. पाणी उकळलें म्हणजे जंतु मरतात. पण त्यांचें तापजनक विष नष्ट होत नाहीं, आणि उकळतांना उडणाऱ्या सूक्ष्म तुषारांबरोबर तें पलीकडच्या भांड्यांत जाऊन पडतें. पुढें १९३३ मध्यें लेविसन व रोझेंथाल यांनीं नळ्या, बाटल्या व द्रावणें कसोशीनें शुद्ध ठेविलीं, तेव्हां हुडहुडी फारच क्वचित् भरूं लागली. सायट्रेट निर्दोष ठरलें.

दुसरा अध्याय प्लॅस्टिकच्या पिशवीनें उघडला. कार्ल वॉल्टर व विल्यम मर्फी यांनीं १९५२ मध्यें ती प्रसिद्धीस आणली. एकमेकींस नळीनें जोडलेल्या पिशव्यांमुळें, रक्त यंत्रांत गरगर फिरवून, तांबड्या पेशी, रक्तद्रव आणि रक्तस्राव थांबविणाऱ्या बिंबिका बाहेरची हवा लागूं न देतां वेगळ्या करतां येऊं लागल्या. मात्र पांढऱ्या पेशी थोड्याफार मागें राहतच. वारंवार रक्त घेणाऱ्या रोग्यांचा ताप पुष्कळदां याच पेशींमुळें येतो, व त्यांचा थर काढून टाकला तर तो टळतो, असें १९५७ मध्यें ब्रिटिंगहॅम व चॅप्लिन यांनीं दाखविलें. पुढें रोग्याच्या उशाशींच गाळणी लावून रक्त देण्याची प्रथा पडली.

तरीहि बिंबिका घेणाऱ्यांचा ताप हटेना. १९९४ मध्यें कॅनडांतील नॅन्सी हेडल व त्यांच्या सहकाऱ्यांनीं बिंबिकांच्या पिशवींतील द्रव व पेशी वेगळ्या करून त्याच रोग्यांना निरनिराळ्या वेळीं दिल्या. अधिक उपद्रव झाला तो द्रवानें! बिंबिका २० ते २४ अंश सेल्सिअस उष्णमानांत कित्येक दिवस ठेवाव्या लागतात. तेवढ्या अवधींत सोबतच्या पांढऱ्या पेशी तापजनक द्रव्यें द्रवांत सोडीत राहतात. चहाची पूड रंग उतरल्यावर गाळली, तरी उतरलेला रंग परत जात नाहीं; तसेंच हें. गाळावयाचें तें सांठविण्यापूर्वींच गाळलें पाहिजे. ब्रिटननें १९९९ पासून दान केलेल्या सर्वच रक्तांतून पांढऱ्या पेशी काढण्यास आरंभ केला. त्याचें मुख्य कारण मेंदूच्या एका नव्या रोगाचें भय हें होतें. परंतु तापाच्या बाबतींतहि हीच दिशा योग्य होती.

दाता तोच, रोगी तोच, रक्तगटहि जुळलेला. तरी रक्त कोणत्या पाण्यानें, कोणत्या रीतीनें व केव्हां सिद्ध केलें, यावर रोग्याचें सुखदुःख अवलंबून असतें. उपद्रव आतां कमी झाला असला, तरी हुडहुडी क्षुल्लक मानूं नये. चुकीच्या गटाचें अथवा जंतुदूषित रक्त गेलें असतांहि आरंभ असाच होतो, आणि तेथें थोड्या विलंबानेंहि प्राण जाऊं शकतो. म्हणून रोगी कांपूं लागतांच परिचारिकेचा हात प्रथम नळी बंद करण्याकडे जातो; कारणाचा शोध त्यानंतर.