कान, नाक, घसा आणि वैद्यकाचा विद्यार्थी

रत्नागिरी जिल्ह्यातील खेड हे जगबुडीच्या काठचे तालुक्याचे गाव. पाठीशी सह्याद्री उभा. समोर जगबुडी वाशिष्ठीस मिळते आणि वाशिष्ठी दाभोळपाशी सागरास. आगबोटींच्या काळी मुंबईस जावयाचे म्हणजे दाभोळ गाठणे आले. 1998 साली कोकण रेल्वेचा संपूर्ण मार्ग खुला झाला आणि हे अंतर पुष्कळच तुटले. परंतु आषाढातल्या रात्री ज्या घरात मूल कान धरून रडत असते, त्या घरास मुंबई आजही दूरच वाटते. आजी कोमट तेलाची वाटी पुढे करते, शेजारीण लसणीची पाकळी सुचविते. आणि सकाळी मूल ज्याच्यापुढे नेले जाते तो बहुधा कानाचा तज्ज्ञ नसतो, साधा डॉक्टर असतो. त्याला कानात पाहावयास कोणी आणि किती शिकविले, यावर त्या मुलाचे पुष्कळ काही अवलंबून असते. या शिक्षणाची कथा जुनी आहे आणि तिचा बराचसा भाग महाराष्ट्रातच घडलेला आहे.

सुश्रुतसंहितेत शल्यविद्येच्या विद्यार्थ्यास रोग्यास हात लावण्यापूर्वी निर्जीव वस्तूंवर सराव करण्यास सांगितले आहे. छेद घ्यावयास शिकावे ते कोहळा, भोपळा, काकडी अशा फळांवर. आणि तुटलेली कानाची पाळी जोडावयाची तर तिचा अभ्यास मऊ मांसाच्या तुकड्यांवर व कमळाच्या देठांवर करावा. केवळ ग्रंथ वाचून हात तयार होत नाही, हे त्या आचार्यांनी पुरते ओळखले होते. नाक नव्याने घडविण्याची रीतही त्याच ग्रंथात आहे.

ही नाकाची विद्या पुढे ग्रंथांतून उतरून कारागिरांच्या घरी नांदू लागली. 1792 च्या सुमारास टिपू सुलतानाशी झालेल्या युद्धात इंग्रज सैन्याचा कावसजी नावाचा एक गाडीवान शत्रूच्या हाती सापडला. त्याचे नाक व एक हात तोडण्यात आला. वर्षभर तो तसाच राहिला. पुढे पुण्याजवळच्या एका विटा घडविणाऱ्या जातीच्या मनुष्याने त्यास नवे नाक करून दिले. प्रथम मेणाचा पातळ पत्रा नाकाच्या जागी बसवून त्याचा आकार घ्यावयाचा. तो सपाट करून कपाळावर ठेवावयाचा. भोवती रेघ ओढून तेवढी कातडी सोडवावयाची, मात्र दोन भुवयांमधला दुवा तसाच राखावयाचा. आणि ती कातडी खाली वळवून काथाच्या लेपाने जागच्या जागी बसवावयाची. सुमारे पंचवीस दिवसांनी तो दुवा कापून टाकीत. मुंबई इलाख्यातील टॉमस क्रूसो व जेम्स फिंडले या दोन डॉक्टरांनी ही क्रिया डोळ्यांनी पाहिली. ऑक्टोबर 1794 मध्ये लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझीन’ या मासिकात तिचे वर्णन चित्रासह छापले गेले. ते वाचून जोसेफ कार्प्यू या इंग्रज शल्यवैद्याने अभ्यास आरंभिला, 1814 साली लंडनमध्ये तीच क्रिया केली आणि 1816 साली तिजवर ग्रंथ लिहिला. रोग्याचे नाव, पाहणाऱ्यांची नावे, सारे त्या लेखात आहे. ज्याच्या हातांनी नाक घडले त्याची केवळ जात तेवढी दिली आहे.

तथापि एक गोष्ट ध्यानी घेण्याजोगी आहे. ती विद्या दोघा परक्यांनी नुसती पाहून सातासमुद्रापार नेली, हे शक्य झाले कारण नाक चेहऱ्याच्या मध्यभागी, दिवसाच्या उजेडात असते. कानाच्या पडद्याची किंवा स्वरयंत्राची गोष्ट तशी नव्हे. ते अंधाऱ्या, वाकड्या वाटांच्या टोकाशी दडलेले अवयव. तेथे उजेड न्यावा तरी पाहणाऱ्याचे डोके आड येते. आणि एकाने पाहिले तरी दुसऱ्यास दिसत नाही. या विषयाचे शिक्षण इतके मागाहून सुरू झाले, त्याचे मुख्य कारण हेच.

ही अडचण एका आरशाने दूर केली. 1854 साली मान्वेल गार्सिया या गायनाच्या शिक्षकाने दोन आरशांच्या योगाने सूर्यप्रकाशात स्वतःचे स्वरयंत्र पाहिले. वैद्य नसलेल्या माणसाने वैद्यकास दिलेली ही देणगी होय. त्याच सुमारास जर्मनीत फोन ट्रोल्च याने मध्ये भोक असलेला अंतर्गोल आरसा कान पाहण्यासाठी प्रचारात आणला. पुढे तो कपाळावर बांधण्याची रीत पडली. दोन्ही हात मोकळे झाले आणि दृष्टी व प्रकाश एकाच रेषेत आले. व्हिएन्नाच्या आडाम पोलित्सरने 1865 साली निरोगी व रोगट पडद्यांच्या चित्रांचे पुस्तक काढले, आणि 1873 साली तेथे कानाचे स्वतंत्र रुग्णालय-विभाग सुरू झाल्यावर देशोदेशीचे डॉक्टर तेथे शिकावयास जाऊ लागले.

मुंबईत ग्रँट मेडिकल कॉलेज व त्यालगतचे जमशेटजी जिजीभाई रुग्णालय 1845 साली सुरू झाले. 1851 साली पदवी घेऊन बाहेर पडलेल्या पहिल्या तुकडीत डॉ. भाऊ दाजी लाड होते. दहा वर्षांनी, 1861 साली, याच कॉलेजात मराठी व गुजराती भाषांतून वैद्यक शिकविणारे वर्ग निघाले. त्या वर्गांचे मोल केवळ भाषाभिमानाचे नव्हे. गावची बाई ‘कान फुटला’ म्हणते, ‘कान वाहतो’ म्हणते, ‘पडजीभ लोंबली’, ‘घसा बसला’ म्हणते. या प्रत्येक शब्दामागे कोणता विकार आहे हे ज्यास उमगत नाही, त्याची परीक्षा आरसा हाती घेण्यापूर्वीच अर्धी चुकते. पुढे पुण्यास 1878 साली बैरामजी जिजीभाई मेडिकल स्कूल निघाले, मुंबईत 1921 साली नॅशनल मेडिकल कॉलेज व 1926 साली शेठ गोवर्धनदास सुंदरदास कॉलेज आले. विसाव्या शतकात कान-नाक-घसा हा विषय शल्यविद्येच्या पदराखालून निघून स्वतंत्र झाला. या शाखेची मान्यता पुढे किती वाढली याची एक खूण अशी, की 1964 ते 1969 या काळात महाराष्ट्राच्या राज्यपालपदी असलेले डॉ. पी. व्ही. चेरियन हे मूळचे मद्रासचे कान-नाक-घशाचे शल्यतज्ज्ञ होते.

विद्यार्थ्यास प्रत्यक्षात शिकावे लागते ते काय? प्रथम उजेड धरणे. दिवा रोग्याच्या कानामागे, आरसा आपल्या डोळ्यावर, आणि प्रकाशाचा ठिपका नेमका हवा तेथे. एवढे साधावयास कित्येक दिवस लागतात. मोठ्या माणसाचा कान वर व मागे ओढला म्हणजे वाट सरळ होते. तान्ह्या मुलाचा खाली व मागे ओढावा लागतो. घशातला आरसा आधी कोमट करावा, नाहीतर श्वासाने धुकट होतो. आणि तो फार तापला नाही ना, हे आपल्या हाताच्या पाठीवर लावून पाहावे, मगच रोग्याच्या तोंडात घालावा. नाद काढणारा चिमटा कानाजवळ व कानामागच्या हाडावर धरून दोष बाहेरच्या वाटेत आहे की आतल्या ज्ञानतंतूत, हे ताडावे. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे वाहणारा कान साधा की घातकी, हे ओळखणे. पडद्यास मध्यभागी भोक असेल तर धोका बहुधा कमी; पण कडेस वा वरच्या भागात भोक असून दुर्गंधीचा स्राव येत असेल, तर आत हाड कुरतडणारी वाढ असू शकते आणि ती मेंदूपर्यंतही पोचते. ‘पावसाळ्यात वाहायचाच’ म्हणून घरात ज्याकडे दुर्लक्ष होते, तोच हा कान असू शकतो.

सूक्ष्मदर्शक व दुर्बीण यांच्यामुळे, आणि पुढे दुर्बिणीस जोडलेल्या कॅमेऱ्यामुळे, जुनी अडचण खरोखर सरली: गुरू जे पाहतो ते आता साऱ्या वर्गास पडद्यावर दिसते. शवाच्या कानशिलाच्या हाडावर सराव करण्याची प्रथाही रूढ आहे. कमळाच्या देठाची जागा तिने घेतली. परंतु काळ मात्र अपुरा आहे. पदवीनंतरच्या सक्तीच्या उमेदवारीच्या वर्षात सध्याच्या नियमांप्रमाणे या विषयाच्या वाट्यास अवघे दोन आठवडे येतात.

दूरचे शिक्षण आता कोकणाच्या जवळ आले आहे. चिपळूण तालुक्यात डेरवण येथे 2015 साली वालावलकर ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय निघाले, आणि 2023 साली रत्नागिरीस शासकीय महाविद्यालय सुरू झाले. जिल्ह्याचे रोगी पाहतच येथील विद्यार्थी शिकणार. आषाढातले कान त्यांना पुस्तकात शोधावे लागणार नाहीत. त्यांच्यातला एखादा उद्या खेडच्या बाजारपेठेत दवाखाना थाटील. रात्रभर रडलेले मूल सकाळी त्याच्यापुढे येईल. तेव्हा त्याने तेलाच्या वाटीबद्दल आजीवर रागावू नये. कान हलकेच खाली व मागे ओढावा, उजेड नीट धरावा आणि औषध लिहिण्यापूर्वी आत पाहावे. एवढ्यासाठीच ही सारी विद्या आहे.