रणभूमीवरचे शांतिगीत

अकोले तालुक्यातील भंडारदऱ्यास जाणारे लोक आर्थर सरोवराचे विस्तीर्ण पाणी पाहतात, रंधा धबधब्यापाशी थांबतात आणि परततात. ज्या दगडी भिंतीने हे पाणी अडविले आहे, तिच्या वयाचा हिशेब सहसा कोणी करीत नाही. सुमारे ८२ मीटर उंचीच्या या धरणाचे काम १९१० साली सुरू झाले आणि १० डिसेंबर १९२६ रोजी मुंबईचे गव्हर्नर सर लेस्ली विल्सन यांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. म्हणजे पहिल्या महायुद्धाची चारही वर्षे या भिंतीच्या पोटात आहेत. येथे प्रवरेच्या पात्रात माणसे दगडावर दगड चढवीत होती, तेव्हा फ्रान्समध्ये आणि मेसोपोटेमियात माणसे माणसांना मातीत गाडीत होती, आणि त्यांत महाराष्ट्रातील खेड्यापाड्यांतून गेलेले शिपाईही होते.

त्या शिपायांच्या आठवणीसाठी सरकारने ठिकठिकाणी संगमरवरी पाट्या बसविल्या. आजही चावडीच्या किंवा वेशीच्या भिंतीत त्या दिसतात. या गावातून महायुद्धास इतके गेले, त्यांपैकी इतके कामी आले, एवढाच त्यांवरचा मजकूर. पुष्कळ पाट्यांवर एकही नाव नाही. शिळेने आकडा जपला, माणूस मात्र हरवला. हरवलेला तो माणूस आपल्याला परत कोण देतो, असा प्रश्न इतिहासाच्या अभ्यासकाने स्वतःला विचारला, तर त्याचे एक उत्तर त्याला गाण्यात सापडते. जयघोषाच्या गाण्यात ते क्वचितच सापडते. युद्धाच्या ऐन धगीत किंवा युद्ध नुकतेच थांबले असताना जे गाणे शांततेची आस धरते, त्यात ते सापडते.

येथे एक शंका हमखास घेतली जाते. सैनिक सीमेवर प्राण देत असताना आपण शांततेचे गाणे गावे, हा त्याच्या पराक्रमाचा उपमर्द नव्हे काय? शंका प्रामाणिक आहे. ज्या धर्मग्रामांतील मुले सैन्यात आहेत, तेथे ती अधिकच बोचते. म्हणून तिचे उत्तर इतिहासाच्या आधारे शोधणे इष्ट ठरेल.

पवित्र शास्त्रापासून आरंभ करू. शमुवेलच्या दुसऱ्या पुस्तकाच्या पहिल्या अध्यायात गिलबोवाच्या डोंगरावर पडलेल्या शौल आणि योनाथान यांच्यासाठी दावीदाने केलेला विलाप आहे. योनाथान दावीदाचा जिवलग मित्र होता. शौलाने मात्र दावीदाच्या जिवावर उठून त्याला रानोमाळ पळविले होते. तरीही विलापात दावीद दोघांना एकत्र गुंफतो, दोघांच्या शौर्याची थोरवी गातो, आणि हे गीत यहूदाच्या लोकांना शिकवावे अशी आज्ञा देतो. वीरांना मान देण्यासाठी त्याने विजयाचे गीत निवडले नाही. त्याने शोकाचे गीत निवडले. सैनिकाचा गौरव आणि युद्धाविषयीचे दुःख ही दोन्ही एकाच गीतात नांदू शकतात, ही शिकवण इतकी जुनी आहे.

आता नाताळच्या मध्यरात्रीच्या मिस्सात आपण मराठीतून ज्या चालीवर गातो, त्या 'स्टिले नाख्त' या जर्मन गीताकडे वळू. त्याचे शब्द योसेफ मोर या तरुण धर्मगुरूने १८१६ साली ऑस्ट्रियातील मारियाफार येथे लिहिले. नेपोलियनची युद्धे नुकतीच संपली होती. साल्झबुर्गचा प्रदेश दहाबारा वर्षांत या राज्यातून त्या राज्यात फेकला गेला होता. स्वतः मोर हा सैन्यातून पळून गेलेल्या एका शिपायाचा, विवाहाबाहेर जन्मलेला मुलगा. आई विणकाम करून पोट भरीत असे. सैनिकी जीवनाची झळ त्याने जन्मापासूनच सोसली होती. १८१८ च्या नाताळच्या पूर्वसंध्येला ओबेर्नडोर्फ येथील संत निकोलस यांच्या चर्चमध्ये फ्रान्झ ग्रुबर या शिक्षकाने त्या शब्दांना चाल दिली आणि दोघांनी गिटारच्या साथीने ते गायिले. मूळ गीताला सहा कडवी आहेत. आपण बहुधा तीनच गातो. न गायिल्या जाणाऱ्या चौथ्या कडव्यात प्रभू येशू जगातील सर्व लोकांना बंधुभावाने कवटाळतो, असा आशय आहे. युद्धाने पोळलेल्या प्रदेशातून आलेल्या त्या शब्दांचा अर्थ शंभर वर्षांनी उमगावयाचा होता.

१९१४ च्या डिसेंबरात परमगुरुस्वामी पंधरावे बेनेडिक्ट यांनी निदान नाताळपुरता तरी युद्धविराम करावा अशी विनंती लढणाऱ्या राष्ट्रांना केली. राज्यकर्त्यांनी ती मानली नाही. जी विनंती राजवाड्यांत फेटाळली गेली, ती खंदकांतून ऐकली गेली. २४ डिसेंबरच्या रात्री फ्लँडर्सच्या आघाडीवर जर्मन खंदकांच्या काठावर मेणबत्त्या लावलेली लहान झाडे दिसू लागली आणि ओळखीची नाताळगीते कानी आली. समोरच्या इंग्रजी खंदकांतून प्रतिसाद गेला. दुसऱ्या दिवशी अनेक ठिकाणी शिपाई शस्त्राविना बाहेर आले, एकमेकांना तंबाखू व खाऊ दिला आणि मधल्या जमिनीत पडलेली प्रेते पुरली. एका ठिकाणी स्कॉटिश व जर्मन सैनिकांनी मिळून दफनविधी केला आणि तेथे तेविसावे स्तोत्र इंग्रजीत व जर्मनमध्ये म्हटले गेले. त्या आघाडीवर हिंदी सैन्यही होते. ३९ व्या गढवाल रायफल्सच्या जवानांनी ही अघोषित शांतता अनुभवली. या विरामात सुमारे एक लाख सैनिक सामील झाले असावेत असा अंदाज केला जातो.

त्याच वर्षी जर्मनीत एर्न्स्ट लिसाउअर या कवीने इंग्लंडविषयीच्या द्वेषाचे एक गीत रचले. ते शाळांतून पाठ करून घेतले गेले, कैसरने कवीस पदक दिले. पुढे त्या कवीलाच त्याचा पश्चात्ताप झाला. एकाच देशाची, एकाच वर्षी गाजलेली ही दोन गीते. आज द्वेषगीत ग्रंथालयात शोधावे लागते. खंदकातील नाताळगीत जगातील लहान मुलाच्याही ओठांवर आहे. यातील कोणत्या गीताने त्या जर्मन शिपायाला अधिक मान दिला, हे सांगण्याची गरज नाही.

या युद्धाची झळ आपल्या जिल्ह्यातील ख्रिस्तसभेलाही लागली. केंदळ, वळण, संगमनेर या परिसरात त्या काळी जर्मन भाषिक येशूसंघीय धर्मगुरू सेवा करीत होते. युद्ध पेटताच ते सरकारच्या लेखी शत्रुराष्ट्राचे नागरिक ठरले. अहमदनगर येथे जर्मन नागरिकांसाठी मोठी स्थानबद्धता छावणी उघडण्यात आली आणि पुढे अनेक मिशनऱ्यांना 'गोलकोंडा' या बोटीने मायदेशी पाठविण्यात आले. पुण्याचे महागुरुस्वामी हेन्री डोरिंग हेही जर्मनच. १९२१ साली त्यांची नेमणूक जपानमधील हिरोशिमा येथे झाली आणि १९२७ मध्ये ते पुन्हा पुणे धर्मप्रांतात आले. ज्यांना आपल्या पणजोबांनी 'फादर' म्हणून हाक मारली, ते एका रात्रीत 'शत्रू' कसे झाले, हा प्रश्न आपल्या घराण्यांच्या इतिहासाचाच भाग आहे.

आपल्या पिढीला अधिक जवळचे गाणे १९६३ चे आहे, आणि त्याच्या चालीचे मूळ आपल्याच जिल्ह्यात आहे. संगीतकार सी. रामचंद्र, म्हणजे रामचंद्र नरहर चितळकर, यांचा जन्म १२ जानेवारी १९१८ रोजी गोदाकाठच्या पुणतांबे येथे झाला. 'अलबेला'सारख्या चित्रपटांतील त्यांच्या ठेकेबाज चालींनी देश डोलला होता. कवी प्रदीप यांचे शब्द हाती आल्यावर मात्र या खेळकर संगीतकाराने निराळा मार्ग धरला. 'ऐ मेरे वतन के लोगों' या गीताचा आरंभ तालाविना होतो, जणू कोणी आपल्याशी बोलावयास थांबले आहे. मग संथ लय येते आणि शेवटी समूहाचा स्वर मिळतो. २७ जानेवारी १९६३ रोजी दिल्लीच्या नॅशनल स्टेडियममध्ये राष्ट्रपती डॉ. राधाकृष्णन व पंतप्रधान नेहरू यांच्यासमोर लता मंगेशकर यांनी ते गायिले आणि पंतप्रधानांचे डोळे भरून आले, हे सर्वश्रुत आहे.

त्या अश्रूंची पार्श्वभूमी ध्यानी घेतली पाहिजे. २० ऑक्टोबर १९६२ रोजी सुरू झालेले चीनबरोबरचे युद्ध महिनाभराने, चीनने एकतर्फी युद्धविराम जाहीर केल्यावर थांबले होते. देश हरला होता. जयघोषाला जागा नव्हती. १८ नोव्हेंबरला लडाखमधील रेझांग ला येथे मेजर शैतान सिंग व तेराव्या कुमाऊँ पलटणीच्या एका कंपनीचे शंभराहून अधिक जवान धारातीर्थी पडले होते. शैतान सिंग यांचा मृतदेह बर्फातून सापडला तो फेब्रुवारी १९६३ मध्ये. म्हणजे दिल्लीत हे गीत गायिले जात होते त्या घटकेला ज्यांच्यासाठी ते होते त्यांतील कित्येक अद्याप उघड्या डोंगरावर, अंत्यविधीवाचून पडले होते. त्या स्टेडियममधील गाणे हीच त्यांची पहिली उत्तरक्रिया ठरली.

या गीतात पराक्रमाचे वर्णन आहे, ते असावयासच हवे. पण ते ऐकणाऱ्याकडे सूड मागत नाही, स्मरण मागते. आपण सण साजरे करीत होतो तेव्हा ते काय भोगीत होते, एवढेच ते विचारते. १९६२ ची दिवाळी ऑक्टोबरच्या अखेरीस, म्हणजे ऐन युद्धातच आली होती. त्यामुळे तो प्रश्न अलंकारिक नव्हता. 'स्टिले नाख्त' ही बाळाच्या पाळण्यापाशी गायिलेली अंगाई आहे आणि हे गीत चितेपाशी केलेला विलाप आहे. परंतु दोन्हींत स्वर आईचा आहे. आईच्या लेखी शिपाई हा पलटणीतला क्रमांक कधीच नसतो. शांतिगीत ऐकणाऱ्याच्या काळजाला भिडते त्याचे कारण मला येथेच दिसते: जयघोषात आपण सैनिकाच्या शस्त्राकडे पाहतो, विलापात त्याच्या चेहऱ्याकडे.

स्वतः सैनिकाच्या ठायी या दोन्ही गोष्टी एकत्र असतात. आपल्या जिल्ह्यातील निमज गावचे नामदेव जाधव यांचे उदाहरण घ्या. ९ एप्रिल १९४५ रोजी इटलीत सेनिओ नदीच्या काठी मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या या शिपायाने गोळ्यांच्या वर्षावात आपल्या दोन जखमी सोबत्यांना एकामागून एक खोल पाण्यातून आणि सुरुंग पेरलेल्या जमिनीतून सुरक्षित स्थळी नेले. त्यानंतर त्याने शत्रूची मशीनगनची ठाणी नष्ट केली. त्याला व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. महिन्याभरात, ८ मे रोजी, युरोपातील युद्ध संपले. त्या दिवशीची त्याची पहिली कृती उचलण्याची होती, मारण्याची नव्हती. त्याचा पोवाडा गाताना ही पहिली कृती गाळली, तर आपण त्याला अर्धाच मान दिला असे होईल.

'ऐ मेरे वतन के लोगों' प्रथम गायिले गेले त्याच वर्षी, ११ एप्रिल १९६३ रोजी, परमगुरुस्वामी तेविसावे योहान यांनी पृथ्वीवरील शांततेविषयीचे आपले परिपत्रक प्रसिद्ध केले. दोन वर्षांनी व्हॅटिकन परिषदेने आधुनिक जगातील ख्रिस्तसभेविषयीच्या दस्तऐवजात युद्धाचा कठोर विचार केला. पण देशसेवेसाठी सैन्यात असणाऱ्यांनी स्वतःला लोकांच्या सुरक्षेचे व स्वातंत्र्याचे सेवक मानावे आणि ते कर्तव्य नीट पार पाडणारे शांततेलाच हातभार लावतात, असेही तेथे म्हटले. आरंभीच्या शंकेचे उत्तर येथे मिळते. शांतता हेच सैनिकाच्या सेवेचे प्रयोजन असेल, तर शांततेचे गाणे त्याच्याविरुद्ध कसे असेल? ते त्याच्या कर्तव्याचेच शेवटचे कडवे आहे.

दिल्लीत २९ जानेवारीला होणाऱ्या सैन्याच्या सांजसोहळ्यात १९५० पासून हेन्री लाइट या अँग्लिकन धर्मगुरूचे, महात्मा गांधींना प्रिय असलेले 'अबाइड विथ मी' हे स्तोत्र वाजविले जाई. २०२२ साली ते वगळण्यात आले आणि सी. रामचंद्र यांची धून तेथे आली. आपल्यापैकी अनेकांना याची रुखरुख लागली, आणि ती समजण्यासारखी आहे. तथापि एका मरणोन्मुख धर्मगुरूची सायंप्रार्थना आणि पुणतांब्याच्या संगीतकाराचा विलाप ही एकमेकांची प्रतिस्पर्धी नाहीत. दोन्ही मावळतीला, शस्त्र खाली ठेवताना गावयाची गीते आहेत. दोन्हींना एकत्र नांदता आले असते, असे मात्र मनापासून वाटते.

गाणे कितीही थोर असले तरी ते अश्रूंपाशी थांबू नये. या गीताच्या उत्पन्नाचा वाटा युद्धात पडलेल्यांच्या विधवांना मिळावा, अशी त्याच्या कवीची इच्छा होती. गीत देशभर वाजत राहिले. पण त्या पैशासाठी अखेर न्यायालयात जावे लागले, आणि २००५ साली मुंबई उच्च न्यायालयाने ध्वनिमुद्रिका काढणाऱ्या कंपनीस सुमारे दहा लाख रुपये सैन्याच्या विधवा निधीत भरण्यास सांगितले. बेचाळीस वर्षे आपण ते गाणे ऐकून डोळे पुसले. ज्यांचे डोळे खरोखर पुसावयाचे होते त्या घरापर्यंत पोहोचण्यास इतका काळ लागला. विश्वास कृतीवाचून निर्जीव आहे, हे संत याकोबाचे म्हणणे गाण्यालाही लागू पडते.

म्हणून धर्मग्रामातील कुटुंबांपुढे एक साधी सूचना ठेवतो. नोव्हेंबर हा मृतांच्या स्मरणाचा महिना. आपापल्या गावच्या संगमरवरी पाटीवर जो आकडा आहे, त्यामागची नावे शोधावीत. वृद्धांना विचारावे, जुनी बाप्तिस्मा व दफन नोंदवही चाळावी, ट्रंकेत पडलेले पदक बाहेर काढून त्यावर कोरलेले नाव वाचावे. ती नावे, कोणत्याही जातीची वा धर्माची असोत, सर्व मृतांच्या दिवशी मिस्सात उच्चारावीत. नंतर एखादे शांतिगीत गावे, आणि गावातील सैनिकाच्या विधवेच्या घरी कोणी तरी जाऊन यावे.

भंडारदऱ्याची भिंत ज्यांनी बांधली त्यांचीही नावे आपल्यापाशी नाहीत, पण त्यांनी अडविलेले पाणी आजही प्रवरेच्या कालव्यांतून आपल्या शेतांत येते. शिपायाने राखलेली शांतताही तशीच आपल्या दारापर्यंत येते. ती पिताना तो कोण होता, हे विचारण्याची सवय आपल्या मुलांना लागावी, इतकेच मागणे आहे.