पंचाचे पाच जिन्नस आणि मोहाचा सडवा

घरच्या मिक्सरमध्ये अननसाच्या फोडी, नारळाचे दाट दूध, बर्फ आणि रम एकत्र फिरवली की जे पांढरट, फेसाळ पेय तयार होते त्याला 'पिना कोलाडा' म्हणतात. स्पॅनिशमध्ये या नावाचा अर्थ 'गाळलेला अननस'. पोर्तो रिकोमधल्या सान हुआन शहरात, कॅरिब हिल्टन हॉटेलच्या रामोन मारेरो या बारवाल्याने ते १९५४ मध्ये पहिल्यांदा केले, असे ते हॉटेल सांगते. दावेदार आणखीही आहेत. १९७८ मध्ये पोर्तो रिकोने त्याला आपले अधिकृत पेय ठरवले. आपली ओल्ड मंक रमही १९५४ चीच. हा निव्वळ योगायोग. पण आमच्या घुग्घुसला ३१ डिसेंबरच्या रात्री या दोन्ही गोष्टी एकाच भांड्यात फिरतात, आणि मग पेय पांढरट न राहता थेट दुधाच्या चहासारखे दिसते.

हे पेय परदेशी आहे, असे करणारे आणि नाक मुरडणारे दोघेही मानतात. मला ते पुरते पटत नाही. दारू, आंबट फळ, साखर, पाणी किंवा बर्फ आणि वासाला काहीतरी, ही जी जुळणी आहे तिचा उगम शोधत गेले तर वेस्ट इंडीजच्या आधी आपलाच किनारा लागतो. जर्मन प्रवासी मांडेल्स्लो १६३८ मध्ये सुरतेला होता. तिथल्या इंग्रजांच्या वखारीत दारू, गुलाबपाणी, लिंबाचा रस आणि साखर यांचे मिश्रण पितात, असे त्याने नोंदवले. ईस्ट इंडिया कंपनीचा डॉक्टर जॉन फ्रायर १६७२ ते १६८१ या काळातला. तो गोव्यातल्या नेरूळच्या दारूची तारीफ करतो आणि सांगतो की तिच्यापासून इंग्रज लोक 'पंच' करतात, आणि हे नाव पाच जिन्नसांवरून, म्हणजे आपल्या 'पाच'वरून पडले. 'पंचन' नावाच्या पिपावरून हा शब्द आला, असा दुसराही एक पक्ष आहे. मांडेल्स्लोच्या यादीत जिन्नस चारच भरतात, हेही खरे. तरीही या देशात राहून गेलेल्या डॉक्टरची साक्ष मला पिपापेक्षा वजनदार वाटते.

त्याहून मोलाची साक्ष फ्रेंच वैद्य बर्निए याची आहे. त्याने बंगालमध्ये पाहिलेल्या पंचात लिंबाचा रस, पाणी आणि किसलेले जायफळ होते, आणि दारू होती गुळाची. उसाच्या मळीची ती रम, तर गुळाची ही तिची सख्खी बहीण. म्हणजे सतराव्या शतकातच बंगालमध्ये रमचा पंच पीत होते म्हणायला हरकत नाही. बर्निएने तो तब्येतीला घातक ठरवला आहे, हेही सांगून टाकतो.

गुळाची दारू तर याहून कितीतरी जुनी. मनुस्मृती सुरेचे तीन प्रकार सांगते : गौडी, पैष्टी आणि माध्वी. गौडी गुळाची, पैष्टी पिठाची. माध्वीचा अर्थ टीकाकार मोहफुलांची असा लावतात. मनूने तिन्ही द्विजांना वर्ज्य केल्या, पण त्या निमित्ताने रमची आजी आणि आमच्या जंगलातली मोहाची दारू एका श्लोकात शेजारी बसल्या. कौटिल्य जास्त व्यवहारी. दारू हे सरकारचे खाते, हे त्याने पक्के केले. पण घरच्या कार्याला कुटुंबवत्सल माणसाने पांढरी सुरा किंवा औषधासाठी अरिष्ट घरी करावे, अशी सवलत ठेवली, आणि उत्सव-यात्रांना चार दिवसांची मोकळीकही दिली.

चंद्रपूर-गडचिरोलीच्या गोंड-माडिया घरांत पिढ्यानपिढ्या जे चालत आले ते याहून फार वेगळे नाही. चैत्राच्या सुमारास मोहफुले रात्री गळतात. बाया-पोरे पहाटेच टोपल्या घेऊन झाडाखाली जातात. वाळलेल्या फुलात निम्म्याहून अधिक साखर असते. म्हणून ती भाजून खातात, उकडून खातात आणि टंचाईच्या दिवसांत त्यावरच निभावून नेतात. दारूसाठी फुले पाण्यात काही दिवस भिजत ठेवली की ती आंबतात. हा सडवा. तो मडक्यात उकळायचा, वाफ नळीतून थंड भांड्यात न्यायची, आणि थेंब जमा करायचे. सुरुवातीला येते ती पहिली धार, सर्वांत कडक. जन्म, लग्न, मरण, देवकार्य यांत आधी दोन थेंब जमिनीला, मग माणसाला.

ही घरची भट्टी गुन्हा झाली ती इंग्रजी अमलात. मुंबई इलाख्यात १८७८ चा अबकारी कायदा आला. ठाणे-कुलाब्यासाठी तर १८९२ मध्ये मोहफुलांचा वेगळा कायदा करून फुले जवळ बाळगण्यावरच बंधन घातले. चांदा जिल्हा मध्य प्रांतात होता. तिथे १९१५ चा अबकारी कायदा. कारण नीतीचे नव्हते, महसुलाचे होते. गोंडाने स्वतःच्या झाडाच्या फुलाची दारू काढायची नाही, मक्तेदाराच्या भट्टीवरून विकत घ्यायची, एवढाच त्याचा अर्थ. १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्याने महसुलाच्या जागी नीती आणली, पण मडक्याच्या बाबतीत फरक पडला नाही. हातभट्टीवर आजही त्याच कायद्याचे कलम ६५ लागते.

इथे दुसरी बाजू झाकून चालणार नाही. २०१० मध्ये चिमूरहून नागपूरला विधानभवनावर पायी गेलेल्या हजारो बायका गरीब घरांतल्याच होत्या. दारूने मोडलेला संसार त्यांनी पाहिला होता, आणि त्यात मोहाचा वाटा नव्हता, असे म्हणणे खोटेपणाचे होईल. कार्याला निघणारी धार आणि रोज संध्याकाळी उघडणारे दुकान यांत फरक आहे, असे मी मानतो. पण तो फरक मार खाणाऱ्या बाईला समजावायला मी जाणार नाही. १ एप्रिल २०१५ पासून चंद्रपुरात बंदी आली. घुग्घुसला वर्धा नदी ओलांडली की यवतमाळ जिल्हा, आणि तिथे बंदी नव्हती. त्यामुळे ज्याच्याकडे गाडी आणि पैसा, त्याचा मिक्सर फिरत राहिला. सडव्याची मडकी मात्र फुटत होती.

२०२१ मध्ये दोन निर्णय झाले. राज्य सरकारने मोहफुले गोळा करणे, साठवणे आणि त्यांची वाहतूक यांवरचे निर्बंध उठवले. आणि २७ मे रोजी मंत्रिमंडळाने चंद्रपूरची दारूबंदी मागे घेतली. गडचिरोलीत १९९३ पासूनची बंदी कायम आहे. तिकडे गोव्यात काजूच्या फेणीला २००९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आणि २०१६ मध्ये सरकारने तिला वारशाचे पेय ठरवले. आमच्याकडे फूल मोकळे झाले आहे. ते पोत्यात भरून विकता येते, लाडू करता येतात. दुकानातून आणलेली रम घरी अननसाबरोबर फिरवायला फक्त पिण्याचा परवाना लागतो. तेच फूल घरी आंबवून चुलीवर चढवले, की कलम ६५.