एका आवाजाची सत्ता

धावते वर्णन ऐकणाऱ्याला दुसऱ्याच्या डोळ्यांवर विश्वास ठेवावा लागतो. मुंबईचे नभोवाणी केंद्र १९२७ साली सुरू झाले. १९३४ साली चौरंगी स्पर्धेतील पारशी-मुसलमान सामन्याचे वर्णन ए. एफ. एस. तल्यारखान यांनी केले आणि भारतातील क्रिकेट-समालोचनाचा पाया घातला.

उपाहार व चहाची सुटी सोडली, तर दिवसभर ते एकटेच बोलत. हे सामर्थ्य असामान्य खरेच. पण त्यात जोखीमही होती. या स्पर्धेत हिंदू, मुसलमान, पारशी व युरोपियन असे जमातवार संघ उतरत. तल्यारखान स्वतः पारशी. धावा धावफलकावरून पडताळता येत. परंतु फटका कौशल्याचा की दैवयोगाचा, हे चारही पक्षांच्या श्रोत्यांना त्या एकाच मुखातून कळे.

१९४८-४९ मध्ये वेस्ट इंडीजचा संघ भारतात आला, तेव्हा आकाशवाणीने तीन समालोचक योजले. मायक्रोफोनची वाटणी तल्यारखानांना रुचली नाही. ते बाजूला झाले. श्रोत्यांनी एक भरदार आवाज गमावला खरा, पण एकाच्या कथनाला दुसऱ्याची साक्ष लाभली. ऐकण्याची गोडी तल्यारखानांनी लावली. ताडून पाहण्याची सोय मात्र त्यांच्या जाण्याने झाली.