फिशटँकमधल्या माशांवर पांढरे ठिपके? मीठ चालते, पण मोजून आणि पुरते दिवस

बाजारातून पोरांच्या हट्टापायी आणलेला गोल्डफिश आठवडाभर चांगला खेळतो. मग एक दिवस तो टाकीतल्या वाळूवर, दगडावर अंग घासायला लागतो. एक-दोन दिवसांत परांवर रवा भुरभुरल्यासारखे बारीक पांढरे दाणे दिसतात. हा पांढऱ्या ठिपक्यांचा रोग. दुकानदार त्याला ‘इक’ म्हणतात. दुर्लक्ष झाले तर अख्खी टाकी रिकामी होते.

इक्थिओफ्थिरियस मल्टिफिलिस नावाच्या एकपेशीय परजीवीमुळे हा रोग होतो. १८७६ साली त्याची शास्त्रीय नोंद झाली. मल्टिफिलिस म्हणजे पुष्कळ पिलांचा, आणि सगळी गोम तिथेच आहे. दिसणारा ठिपका माशाच्या कातडीखाली असतो, तिथे मीठ पोचत नाही. ठिपका पिकला की परजीवी गळून तळाला जातो, भोवती कवच करतो आणि आत शेकडो पिले होतात. कवचावरही मिठाचा फारसा परिणाम होत नाही. पिले बाहेर पडून नवा मासा शोधत पोहतात. त्यांना साधारण दोन दिवसांत मासा मिळाला नाही तर ती मरतात. मिठाचा मारा लागू पडतो तो याच पोहणाऱ्या पिलांवर.

म्हणून तिसऱ्या-चौथ्या दिवशी ठिपके गेले की मीठ बंद करणे ही सर्वांत मोठी चूक. ठिपके गेले म्हणजे परजीवी तळाला गेले, मेले नाहीत. पाणी २५ अंशांच्या आसपास असेल तर हे चक्र साधारण आठवड्यात फिरते, थंडीत ते कितीतरी लांबते. त्यामुळे मीठ १० ते १४ दिवस ठेवावे. हिवाळ्यात शेवटचा ठिपका गेल्यावरही आठवडाभर चालू ठेवलेले बरे.

मात्रा अंदाजपंचे नको. लांबी, रुंदी आणि पाण्याची उंची सेंटीमीटरमध्ये मोजून गुणावी आणि १००० ने भागावे, लिटर निघतात. ६० बाय ३० ची टाकी ३० सेंटीमीटर भरली तर ५४ लिटर. वाळू-दगड वजा करून ४५ धरा. लिटरला २ ग्रॅमप्रमाणे ९० ग्रॅम मीठ झाले. ते किराणा दुकानातल्या काट्यावर तोलून घ्यावे, चमच्याचा भरवसा नाही. ३०-३० ग्रॅमचे तीन भाग करून बारा-बारा तासांनी, आधी मगभर पाण्यात विरघळवून सोडावे. खडा थेट माशाच्या अंगावर पडला तर कातडी भाजते. मीठ साधे खडे मीठ घ्यावे, काळे मीठ नको. गोल्डफिश आणि मोली लिटरला ३ ग्रॅमपर्यंत सोसतात. मिशीवाले, बिनखवल्यांचे मासे आणि टेट्रा नाजूक असतात, त्यांना १ ग्रॅमपासूनच सुरुवात करावी. झाडे असतील तर आधी काढावीत, पण ती दुसऱ्या टाकीत लगेच टाकू नयेत. कवचे त्यांनाही चिकटलेली असतात.

पाणी आटले तरी मीठ आटत नाही. नुसते कमी झालेले पाणी भरायचे असेल तर बिनमिठाचे भरावे. १० लिटर काढून बदलले तरच २० ग्रॅम पुन्हा घालावे. ग्रामपंचायतीच्या टाकीत टीसीएल पावडर पडलेल्या दिवशीचे पाणी थेट भरू नये, पसरट भांड्यात दिवसभर उघडे ठेवावे. क्लोरीनने कल्ले जळतात, मासा वर येऊन धापा टाकतो, आणि लोक त्यालाच रोग समजून आणखी मीठ टाकतात.

दुसरीही एक गफलत होते. पैदाशीच्या दिवसांत नर गोल्डफिशच्या कल्ल्यांच्या झाकणावर आणि पुढच्या परांच्या कडेला पांढरे दाणे येतात. मासा खातोपितो, अंग घासत नाही, तर तो रोग नव्हे. अंगाला चिकटलेली चपटी माशाची ऊ किंवा दोऱ्यासारखा लोंबणारा अँकर वर्म दिसला, तर या मिठावर विसंबू नये. त्यांची दवा वेगळी.

उपचार संपल्यावर रोज थोडे-थोडे पाणी बदलून मीठ उतरवावे. काढलेले पाणी कुंडीत, तुळशीत घालू नये. खारट पाण्याने काय होते ते शेतकऱ्याला सांगायला नको. विहिरीत, ओढ्यात किंवा शेततळ्यात तर ते बिलकूल ओतू नये, नकोसा झालेला मासाही सोडू नये. हाच परजीवी रोहू-कटल्यालाही लागतो, आणि अख्ख्या तळ्यात मीठ तोलून टाकणे कुणाला परवडणारे नाही.